दोन्ही पालकांशी ताडून

ऑफिसात माझी जागा कोपऱ्यात आहे. डाव्या हाताला भिंत, मागे कधीच न उघडणारी खिडकी आणि उजव्या हाताला मास्तर. मला बाहेर पडायचं असलं की मास्तरांनी आधी उठायचं, आपली खुर्ची टेबलाखाली सारायची आणि मग मी आडवी होऊन निघायचं. तीन वर्षं दिवसातून आठ-दहा वेळा हा कार्यक्रम चालू आहे आणि दर वेळी ते "या ना, या" म्हणत असे उठतात, जणू मी घरी आलेली पाहुणी. मला त्याचा राग यायचा. माणसाने इतकंही चांगलं असू नये, शेजारच्याला उगाच आपण वाईट असल्यासारखं वाटत राहतं.

मास्तर पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. चाळिशी उलटल्यावर सॉफ्टवेअर शिकले आणि आता निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. काल लागलेल्या पोरालाही अहो-जाहो करतात. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला 'ताई' म्हणतात. बाकीचे लोक मला माझ्या पाठीमागे 'चाळणी' म्हणतात, कारण कोणाचीही चूक माझ्या नजरेतून खाली पडत नाही. हे नाव मला आवडतं, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

आमचं काम हॉस्पिटलच्या घंटांचं. रुग्णाने खाटेजवळचं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर दिवा लागतो आणि घंटा वाजते. मधलं सॉफ्टवेअर आमचं. त्यात एक खोट होती. टेबलावर एक घंटा वाजत असताना दुसऱ्या खाटेवरून कोणी बटण दाबलं, तर ती दुसरी हाक रांगेत थांबायच्या ऐवजी हरवून जायची. सहा महिन्यांपूर्वी हे लक्षात आलं, दुरुस्ती मास्तरांकडे दिली गेली आणि आठवड्याभरात मास्तरांनी "झालं" म्हणून सांगितलं. मग परवा-परवा एका हॉस्पिटलात नऊ नंबरच्या खाटेवरच्या बाईंनी दोनदा बटण दाबलं, कोणी आलं नाही, त्या आपल्या आपण उठायला गेल्या आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. आम्ही कोड उघडून पाहिला, तर मास्तरांची दुरुस्ती त्यात नव्हती.

सोमवारी सकाळी काचेच्या खोलीत बैठक झाली. आमच्या विभागप्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणतात. त्यांनी त्या फाइलचा इतिहास पडद्यावर लावला. कोणी, कधी, काय बदललं याची ओळीने यादी. सहा महिन्यांत त्या फाइलला हात लावणाऱ्यांत मास्तरांचं नाव कुठेच नव्हतं.

"मास्तर, तुम्ही केलं म्हणाला होतात."

"केलं होतं, बाई. मला चांगलं आठवतंय. सातच ओळी होत्या." मास्तर पडद्याजवळ जाऊन यादी वरून खाली वाचत होते. "त्यानंतर एक मोठं मर्ज झालं होतं ना? त्यात कदाचित काही..."

मर्ज म्हणजे दोघांनी आपापल्या प्रतीवर केलेलं काम एकत्र जोडणं. ते जोडकाम मी केलं होतं. आणि माझ्या कामात 'कदाचित काही' हे शब्द मला सहन होत नाहीत.

"मर्ज मी केलंय, मास्तर. त्यात काही असतं तर यादीत दिसलं असतं ना? तुमची नोंदच नाही तर मर्ज काय हरवणार? डोक्यातून निघून गेलं असेल तुमच्या. करायचं ठरवलंत आणि केल्यासारखं वाटलं."

हे मी मुद्दाम खोटं बोलले नाही. तेव्हा मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं. फक्त तपासलं नव्हतं.

मास्तर पडद्याकडून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "असेल. ताई म्हणतात तर असेल. विसरलो असेन मी." त्यांनी खिशातली छोटी वही काढली, मागची पानं चाळली आणि पेनने त्यात काहीतरी केलं. टिपून घेत असतील असं मला वाटलं.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "हॉस्पिटलला लेखी अहवाल द्यायचाय, पुढच्या गुरुवारी. त्याला ही यादी जोडू. मास्तर, नंतर बोलू आपण." त्या 'नंतर'चा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला.

मंगळवारी सकाळी मी यादी काढायला बसले, आणि केवळ माझी पाठ थोपटून घ्यावी म्हणून ती दुसऱ्या पद्धतीनेही काढून पाहिली.

आता ही दुसरी पद्धत काय, ते सांगायला हवं. साध्या नोंदीत काय बदललं ते दाखवणं सोपं असतं, आधीच्या नोंदीशी ताडायचं आणि फरक मांडायचा. पण मर्जला दोन पालक असतात, दोन्हीकडच्या प्रती. ताडायचं कोणाशी? एक मार्ग असा, की मर्ज दोन्ही पालकांशी वेगवेगळं ताडायचं आणि सगळा फरक दाखवायचा. फार लांबलचक प्रकरण होतं. दुसरा मार्ग थोडक्यातला. मर्जमधली फाइल दोघांपैकी एका पालकाशी तंतोतंत जुळत असेल, तर टूल म्हणतं, यात काही विशेष नाही, आणि त्या फाइलच्या इतिहासातून दुसऱ्या पालकाकडच्या नोंदींची रांगच्या रांग गाळून टाकतं. माणसांतही तसंच आहे म्हणा. मूल बापावर गेलं काय, आईवर गेलं काय, कोणी काही विचारत नाही. दोघांसारखंही दिसलं नाही की मग कुजबुज सुरू होते.

तीन वर्षांपूर्वी लोक लांब याद्या बघून कंटाळले होते, तेव्हा सगळ्यांच्या मशीनवर हे थोडक्यातलं सेटिंग मीच लावलं होतं. त्यासाठी माझं कौतुकही झालं होतं.

मी 'दोन्ही पालकांशी' म्हणून कळ दाबली आणि यादी तिप्पट झाली. मधोमध एक मर्ज होतं. एका पालकाकडे सात ओळी होत्या, मर्जमध्ये नव्हत्या. नाव माझं. वेळ संध्याकाळी पाच चाळीस.

मला ती संध्याकाळ आठवली. मी त्याच फाइलवर नव्या पडद्याचं काम केलं होतं आणि दुसऱ्या प्रतीशी ते अकरा ठिकाणी भिडत होतं. दहा ठिकाणं मी ओळ न् ओळ वाचून जुळवली. अकराव्याला वैतागले. समोर 'आपली फाइल ठेवा' असं बटण असतं, ते दाबलं. पूर्ण फाइल माझी राहिली, नीट जुळवलेली दहा ठिकाणंही त्यात वाहून गेली, आणि मी सहाच्या आत घरी गेले.

मास्तरांचं नाव यादीत का नव्हतं, तेही कळलं. दुरुस्ती त्यांनी हॉस्पिटलातल्या चाचणीच्या लॅपटॉपवर केली होती. तो सगळ्यांचा मिळून एक, त्यावर नाव लावलेलं 'टेबल दोन'. नोंदीत शब्द एकच, 'दुरुस्ती'. स्वतःचं नाव शोधलं असतं तरी त्यांना ती सापडली नसती.

मी पडदा बंद केला. शेजारी मास्तर काम करत होते. मला उठून बाईंकडे जायचं होतं, खरंच जायचं होतं. पण उठायचं म्हणजे मास्तरांना उठवायला हवं. "उठू का?" त्यांनी विचारलं, कारण मी खुर्ची मागे ढकलली होती.

"नको," मी म्हटलं.

असे आठ दिवस गेले. गप्प राहायचं असं मी एकदाही ठरवलं नाही, फक्त रोज ते उद्यावर टाकलं. पहिल्या दिवशी 'चूक झाली' एवढंच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशी 'चूक झाली आणि मला कालपासून माहीत आहे' असं सांगावं लागलं असतं. पाचव्या दिवशी काय सांगायचं? मी सगळ्यांच्या चुका बाहेर काढणारी बाई. गेल्या वर्षी एकाचं मर्ज मी भर बैठकीत सोलून काढलं होतं, तो नोकरीच सोडून गेला. आता माझी पाळी आल्यावर कोण कोण खुर्ची ओढून पुढे बसेल, ते मला दिसत होतं. मला भीती वाटत होती, साधी भीती. तिला दुसरं नाव देण्यात अर्थ नाही.

मास्तर त्या आठ दिवसांत बदलले. आधी वही खिशात असायची, आता टेबलावर उघडी. पाणी प्यायला उठले तर लिहायचे. मेल पाठवला की पाठवलेल्यांत जाऊन बघायचे, पुन्हा बघायचे. एकदा कपाट बंद करून आले, बसले, उठले, कपाट ओढून पाहिलं आणि माझ्याकडे बघून ओशाळं हसले.

शुक्रवारी त्यांच्या बायकोचा फोन आला. काकूंना मी दोन-तीनदाच भेटले होते.

"तुम्ही त्यांच्या शेजारीच बसता ना, म्हणून विचारते. तिथे कसे वागतात हो हे?"

"नेहमीसारखेच. का?"

"घरी गॅस बंद आहे का ते चारदा बघतात. दाराला कुलूप लावून जिना उतरतात आणि परत वर येतात. परवा मला म्हणाले, आपल्या मुलीच्या लग्नाला माझा भाऊ आला होता ना, की मला नुसतं वाटतंय?" काकूंनी लगेच स्वतःच उत्तर दिलं. "आला होता हो. फोटो आहेत. मी काढून दाखवले. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये, विसरण्याची तपासणी असते ना, ती. ऑफिसात त्यांचं काही चुकलंय म्हणे. मोठं चुकलंय का?"

मी म्हटलं, "नाही काकू. तुम्ही काळजी करू नका."

फोन ठेवल्यावर मी जागेवर न जाता जिन्यातच पायरीवर बसले. नऊ नंबरच्या बाईंचं हाड मोडलं, ते बसवता तरी येतं. मी या माणसाचं काय मोडलं होतं?

रविवारी सकाळी घरी किल्ल्यांवरून वाजलं. मी नवऱ्याला म्हटलं, तूच कुठेतरी ठेवल्यास, तुझ्या लक्षात कुठे काही राहतं. तो बिचारा सगळे खिसे उलटे करत बसला. किल्ल्या माझ्या पर्सच्या तळाशी निघाल्या.

"बघ," तो हसत म्हणाला, "तू इतक्या ठामपणे सांगतेस ना, की मला खरंच आठवायला लागतं. किल्ल्या मी फ्रीजवर ठेवल्याचं आत्ता डोळ्यांसमोर दिसत होतं."

त्याने ते हसण्यावारी नेलं. मला जेवण गेलं नाही.

मंगळवारी बाईंनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. "यादीचं बघायचं होतं. मर्ज दाखवायचे म्हणे दोन प्रकार असतात, थोडक्यात आणि सविस्तर. हॉस्पिटलला कुठली जोडायची? टूल तू सांभाळतेस, तूच ठरव."

"सविस्तर फार लांब होईल," मी म्हटलं. माझा आवाज मला नेहमीसारखा ऐकू आला याचं नवल वाटलं.

"मग थोडक्यातली जोड. तू म्हणशील ते. आणि एक, अजून कोणाला बोलू नकोस. मास्तरांनी स्वतःहून पत्र दिलंय. प्रकृतीच्या कारणाने बाजूला होतो म्हणाले. मी अजून घेतलं नाहीये, पण गुरुवारनंतर घ्यावं लागेल."

बाईंनी माझ्यावर थोडा जरी संशय घेतला असता, तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. मी भांडले असते, भांडता मला झकास येतं. पण इतक्या बिनघोर विश्वासाशी भांडायचं कसं? काचेच्या खोलीला चारही बाजूंनी सगळं दिसतं आणि दाराला कार्ड लावल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. माझं कार्ड टेबलावर राहिलं होतं. बाईंनी उठून त्यांचं लावलं, तेव्हा मी बाहेर आले.

बुधवारी दुपारी मी अहवाल उघडून बसले होते. यादी कशी दाखवायची, तिथे दोन चौकोन होते आणि मी एकावरही टिचकी मारलेली नव्हती. मास्तरांनी घसा खाकरला.

"ताई, पाच मिनिटं आहेत का? एक वाचून दाखवायचं होतं."

त्यांच्या पडद्यावर फाइलचा इतिहास नव्हता. संपूर्ण प्रकल्पाच्या सगळ्या नोंदी होत्या, चार हजारांच्या वर. गुरुवारपासून ते जेवणाच्या सुट्टीत ती यादी एक-एक करून वाचत होते. वहीत खुणा होत्या, रोज सहाशे.

"ही बघा. नाव 'टेबल दोन' आहे. पण मी त्या आठवड्यात तिथे होतो, निदान वहीत तसं लिहिलंय. सात ओळी आहेत. आणि मोजणी आपल्या कामात करतात तशी शून्यापासून न करता एकापासून केलीये, ती माझी खोड आहे, शाळेपासूनची." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पण फाइलच्या इतिहासात ही नोंद नाही. तिथे नाही आणि इथे आहे, असं कसं होईल? म्हणजे मीच काहीतरी चुकीचं बघतोय. आजकाल माझ्या बघण्याचा मला भरवसा नाही. बाईंकडे न्यायच्या आधी म्हटलं, ताईंना विचारावं. मी बरोबर वाचतोय का?"

'नाही' एवढंच म्हणायचं होतं. 'नाही मास्तर, ही जुनी नोंद आहे, दुसऱ्या कामाची.' त्यांनी मान डोलावली असती, वहीत लिहून घेतलं असतं आणि उद्या डॉक्टरांना सांगितलं असतं की मला नसलेल्या गोष्टीही दिसायला लागल्यात. आणि मी या कोपऱ्यात कायमची सुरक्षित झाले असते. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, हे मी लपवणार नाही.

"बरोबर वाचताय," मी म्हटलं. "ही दुरुस्ती तुमचीच आहे. ती मी काढली."

त्यांचं बोट पडद्यावर त्या नोंदीपाशीच राहिलं.

"मर्ज करताना कंटाळले. तुमची बाजू वाचलीच नाही, माझी फाइल तशीच ठेवली. आणि हे मला मागच्या मंगळवारपासून माहीत आहे."

मास्तरांच्या चेहऱ्यावर काय यावं? राग यावा. मी रागाची तयारी केली होती. पण त्यांनी माझ्या टेबलावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, तुमचा स्वभाव वरून कडक आहे, पण आतून तुम्ही फार चांगल्या आहात. आमच्या हिने तुम्हाला फोन केला होता ना? मला बरं वाटावं म्हणून तुम्ही माझं स्वतःवर घेऊ नका. मला झेपेल."

मला रडू फुटायचं बाकी होतं. खोटं मी एका वाक्यात पटवलं होतं, आणि खरं पटत नव्हतं.

मी माझा पडदा त्यांच्याकडे वळवला, अहवालातली यादी उघडली आणि 'दोन्ही पालकांशी ताडून' या चौकोनावर टिचकी मारली. यादी पसरत गेली. ते मर्ज आलं. मास्तर खुर्ची सरकवून जवळ आले आणि बोट ठेवून वाचू लागले, मुलांच्या वह्या तपासल्यासारखे. पहिल्या पालकाशी फरक काही नाही. दुसऱ्या पालकाशी फरक, सात ओळी कमी. माझं नाव. पाच चाळीस.

त्यांनी ते तीनदा वाचलं.

"म्हणजे मी केलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"मला आठवत होतं ते खरं होतं."

"हो, मास्तर."

"मुलीच्या लग्नाला माझा भाऊ..." आणि ते थांबले. त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आजूबाजूचे लोक वळून बघायला लागले. बघेनात का.

"उठता का जरा?" मी म्हटलं. "मला बाईंकडे जायचंय."

ते उठले. या खेपेला 'या ना, या' म्हणाले नाहीत. मी आडवी होऊन निघाले आणि ते मागोमाग आले.

बाईंना सांगायला चार मिनिटं लागली. आठ दिवस ज्याला घाबरले, ते चार मिनिटांत संपलं. बाईंनी एकदाच विचारलं, "काल मी तुला यादी कुठली जोडायची विचारलं, तेव्हा तुला माहीत होतं?" मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ड्रॉवरमधून मास्तरांचं पत्र काढून त्यांना परत दिलं, आणि मला म्हणाल्या, सविस्तर यादी जोडून अहवाल आजच पाठव, खाली तुझं नाव घाल, आणि उद्यापासून या प्रकल्पावर येऊ नकोस, पुढचं वरचे ठरवतील. मी अहवाल पाठवला. सगळ्यांच्या मशीनवरचं सेटिंगही बदललं. याद्या आता लांब येतील, लोक कंटाळतील, खुशाल कंटाळू देत.

संध्याकाळी मी ड्रॉवर रिकामा करत होते. मास्तर जागेवरच बसले होते, मी निघेपर्यंत थांबायचं असं ठरवल्यासारखे. मग त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. सहा महिन्यांपूर्वीचं पान होतं. बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं, 'घंटेची दुरुस्ती पूर्ण. सात ओळी. दोनदा तपासलं.' त्या ओळीवर आडवी रेघ मारलेली होती, आणि बाजूला सोमवारच्या बैठकीची तारीख घालून लिहिलं होतं, 'हे झालं नव्हतं. चुकून वाटलं.'

तर तेव्हा काचेच्या खोलीत ते टिपून घेत नव्हते.

"याखाली तुमच्या हाताने लिहून द्याल का?" त्यांनी पेन पुढे केलं. "आज मला सगळं पटलंय. पण उद्या सकाळी परत शंका येईल, मला माहीत आहे. माझ्या अक्षरावर माझा विश्वास बसत नाही आता. तुमच्या अक्षरावर बसेल."

मी लिहिलं. 'दुरुस्ती मास्तरांनी केली होती. ती मी काढली. त्यांना सगळं बरोबर आठवत होतं.' खाली माझं नाव घातलं, तारीख आणि वेळ घातली.

मास्तरांनी वही जवळ घेऊन ते वाचलं. पुन्हा वाचलं. वही मिटून खिशात ठेवली, मला बाहेर पडता यावं म्हणून उठून खुर्ची टेबलाखाली सारली, आणि मी आडवी होऊन त्यांच्यासमोरून निघाले तेव्हा त्यांनी वही परत बाहेर काढली.

"ताई," ते म्हणाले, "हे आत्ता तुम्हीच लिहिलंत ना? माझ्यासमोर?"